आखडलेला कान

मिस्त्रींच्या घरात हल्ली भांडणंसुद्धा हातवाऱ्यांनी होत. बायकोने कपाळावर हात मारला की 'माझं नशीब' असं समजायचं, आणि दोन्ही हात जोडून छताकडे पाहिलं की 'देवा, आता तूच सोडव'. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे चढवले होते. ओट्यावर जाड टॉवेल अंथरला होता आणि त्यावर भांडी तान्ह्या पोराला निजवावं तशी अलगद टेकवली जात. नळसुद्धा बोटभर धारेनेच सोडायचा. कोणी शिंकलंच तर त्याने उशीत तोंड खुपसून शिंकायचं.

हे सगळं मिस्त्रींच्या कानांपायी. उभं आयुष्य त्यांनी गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करण्यात घालवलं होतं. पत्र्याच्या मागे एका हाताने लोखंडी ठोकळा धरायचा आणि पुढून हातोडी मारायची. पत्रा बसला की नाही, कुठे अजून पोट सुटलंय, ते डोळ्यांच्या आधी कानाला कळायचं. ज्या कानाने घर चालवलं तोच कान एके दिवशी उलटला. ट्रकचं दार ठोकताना उजव्या कानात कोणी दाभण खुपसावा तशी कळ गेली आणि आत काहीतरी फडफडलं, काडेपेटीत पतंग कोंडावा तसं. मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली, डोकं हलवलं, पाणी प्यायले. पतंग काही बाहेर येईना.

मग दिवसेंदिवस वाढतच गेलं. पहिल्यांदा ठोक्याला दुखायचं, मग हॉर्नला, मग कप बशीवर टेकला तरी. कळ कानातून निघून जबड्यात उतरायची आणि मानेत मुक्काम करायची. मिस्त्रींनी आधी कापूस घातला, मग रबरी बोळे, आणि शेवटी कारखान्यातले लोक लावतात तशी दोन वाट्यांची कानझाकणं आणली. ती कामावर लावू लागले, मग घरी, मग झोपेतही.

"मिस्त्री," गॅरेजातला रंगारी म्हणायचा, "वाट्या बांधून झोपता, मग वहिनी रात्री काही बोलल्या तर?"

"म्हणून तर झोप लागते," मिस्त्री म्हणायचे. पण ती काही खरी झोप नव्हती. सकाळी उठल्यावर अंग असं जड असायचं, जणू रात्रभर कोणाची तरी गाडी ढकलत होते.

घरात सगळं गप्प झालं, राहिली एकटी आई. तिला कमी ऐकू यायचं, आणि बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती वर चढलाय ते कसं कळणार! पहाटे उठून खिडकीशी बसायचं आणि देवाची गाणी म्हणायची, हा तिचा लग्नाच्याही आधीपासूनचा नेम. तिच्या आईने म्हटलेली, तिच्या आजीने म्हटलेली, कुठल्या पुस्तकात नसलेली गाणी. पूर्वी ती ओठांतल्या ओठांत गुणगुणायची. कान मंदावत गेले तसा गळा वर चढत गेला.

"आई, देव काही बहिरा नाही," मिस्त्री एकदा थट्टेने म्हणाले होते.

"तो नसेल रे. मी आहे ना! माझं मला तरी ऐकू यायला नको?"

ते दिवस थट्टेचे होते. एका सकाळी मात्र मिस्त्रींनी दोन्ही कानांवर हात दाबून तिच्यासमोर उभं राहून म्हटलं, "बंद कर ते!" आईला शब्द कळले की नाही कोण जाणे. चेहरा कळला. तिने गाणं ओळीच्या मध्येच सोडलं.

त्यानंतर ती खिडकीशी बसून नुसते ओठ हलवू लागली. आणि मग एक दिवस तिने जाहीर केलं, "मी जाते ताईकडे. जरा हवापालट."

ताई म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. तिचं घर परगावी, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, आणि त्यात तिची सासू आधीच अंथरुणाला खिळलेली. तिकडे कसली हवा आणि कसला पालट! हा हवापालट नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आई जाणार हे ऐकल्यावर मिस्त्रींना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. ते सुटणं मग दगडासारखं छातीवर बसलं, ते काही उठेना.

त्या रात्री जेवताना बायकोने हातवारे बाजूला ठेवले आणि सरळ तोंडाने, पण कुजबुजत म्हटलं, "अहो, ताई आईंना न्यायला यायच्या आत कानाच्या डॉक्टरला दाखवून या. आई एकदा या दारातून बाहेर गेल्या की परत यायच्या नाहीत. माझं ऐका."

"काय फरक पडणार आहे?" मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता.

"फरक नाही पडला तर निदान माझी भुणभुण तरी थांबेल."

कानाची डॉक्टरीणबाई तरुण होती आणि देवाने तिला बेताचा आवाज दिला होता. तिने तपासण्या केल्या. पडदा शाबूत, ऐकू येणंही वयाच्या मानाने चांगलं. मग तिने टेबलावरचा प्लास्टिकचा कान उघडून दाखवला.

"इथे पडद्यामागे तीन हाडं आहेत, सगळी मिळून नखावर मावतील एवढी. आणि त्यांना धरून दोन स्नायू. एक पडदा ताणतो, दुसरा शेवटचं हाड आवरून धरतो. मोठा आवाज आला की दोघं आखडतात, घोड्याचा लगाम खेचावा तसे. आवाज गेला की सैल सोडतात."

"मग माझे काय करतात?"

"तुमचे सोडतच नाहीत. ते घाबरलेत. आता आवाज यायच्या आधीच, नुसता येईल या धास्तीनेच खेचून धरतात. ती फडफड त्याचीच असावी. सारखी वळत राहिली तर पोटरी दुखते ना, तसं."

"म्हणजे हे मनाचं दुखणं म्हणायचं?" मिस्त्रींनी विचारलं. त्यांना वाटलं, आता हीपण हसणार.

"छे हो. दुखतं ते खरंच दुखतं." ती जराही हसली नाही. "ही झाकणं कधी लावता?"

"काढतो कधी ते विचारा."

"तिथेच चुकतंय. पत्रा ठोकताना लावलीच पाहिजेत. पण घरी? काळोखात बसलेल्या माणसाला काडी ओढली तरी डोळे दिपतात. तुम्ही कानाला काळोखात कोंडलंय."

मिस्त्री प्लास्टिकच्या कानाकडे बघत राहिले. खुर्च्यांचे मोजे, ओट्यावरचा टॉवेल, उशीतल्या शिंका. घरातल्या सगळ्यांनी मायेपोटी जे जे केलं, ते दुखण्याच्याच पदरात पडलं होतं. दोष तरी कोणाला द्यायचा?

"गोळी नाही का काही?"

"गोळीने नाही भागायचं. थोडा थोडा आवाज, आवडीचा, सोसेल तेवढाच. महिने लागतील, आणि मध्ये मध्ये पुन्हा दुखेल." मग ती सहज म्हणाली, "एक गंमत आहे बघा. माणूस स्वतः बोलणार असला की तोंडातून आवाज फुटायच्या आधीच तो छोटा स्नायू हाड आवरून घेतो. आपलाच आवाज आपल्या कानावर आदळू नये म्हणून. कुठल्या कारागिराने घडवलंय, कोण जाणे!"

कारागीर कोण ते आईला विचारलं असतं तर तिने लगेच सांगितलं असतं. महिने लागतील, एवढंच मिस्त्रींच्या डोक्यात घोळत राहिलं. ताई तर उद्याच यायची होती.

सकाळी उठले तेव्हा आई नेसून, केस बांधून खिडकीशी बसली होती. पिशवी पायाशी होती. ओठ हलत होते.

मिस्त्रींनी दारातच कानझाकणं काढली. कानांना गार हवा लागली आणि लगेच आत काहीतरी ताठ झालं. ते तिच्यासमोर स्टुलावर बसले.

"आई, म्हण."

"काय?"

"गाणं म्हण!"

"जाताना कशाला उगाच? तुझं डोकं उठेल."

"उठू दे. म्हण तू!"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने डोळे मिटले आणि गळा मोकळा सोडला. "उठ रे धन्या, तुझी सकाळ झाली..." पहिल्याच शब्दाला दाभण आत गेला. मिस्त्रींनी दात आवळले, स्टूल घट्ट धरलं, पण मान आपोआप वाकडी झाली. आईने एक डोळा उघडून बघितलं आणि गाणं मिटवलं.

"राहू दे, बाळा. देवाला माझं पाठ आहे."

हे ती इतकं हळू म्हणाली, की मिस्त्रींना वाटलं, आता इथून उठलो तर संपलंच. ती जाईल, घर आणखी गप्प होईल, आणि त्या गप्पपणात कप बशीवर टेकला तरी आपण किंचाळू. मघाशी आपण 'म्हण तू' असं केवढ्याने ओरडलो, त्याने तर काहीच टोचलं नाही! डॉक्टरीणबाईचं बोलणं आठवलं. त्यांनी घसा खाकरला आणि स्वतःच सुरुवात केली.

"उठ रे धन्या..."

आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा होता. सुराशी त्याची ओळखदेखील नव्हती. आईच्या कपाळाला आठी पडली, आणि चुकीचा सूर ऐकून गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिने खालून सूर उचलला. कीर्तनात बुवांच्या मागे उभा राहून झील धरणारा असतो ना, बुवांनी ओळ सोडली की त्याने ती पडू द्यायची नाही, तसे मिस्त्री तिच्या मागे लागले. दुखत होतं. दाभण गेला नव्हता, पण त्याचं टोक बोथट झालं होतं. आपला आवाज चालू असला की सोसवत होतं. श्वासाला थांबले की पुन्हा टोचायचं, म्हणून ते थांबायचेच कमी. शब्द अडले की आई पुढे सरसावून देत होती.

बायको स्वयंपाकघराच्या दारात हातातला कप विसरून उभी होती. तेवढ्यात बाहेरच्या दारातून ताई आली, प्रवासाने मरगळलेली, खांद्याला पर्स तशीच.

"हे काय चाललंय?" ताई म्हणाली. "गाडी खाली उभी आहे."

मिस्त्री थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुखण्याचं होतं की कशाचं, त्यांनाही कळलं नसतं.

"आई जात नाहीये," ते म्हणाले.

"कोण म्हणतं?" आई म्हणाली. एवढं बरं तिला ऐकू आलं! "कान दुखला ना तुझा?"

"दुखला."

"मग?"

"मग काय! तू जरा हळू म्हणायचं. मी हात वर केला की आणखी हळू."

"हळू म्हटलं तर मला कसं ऐकू येणार?"

"मी मागून म्हणेन ना, माझं ऐक. आणि ज्या दिवशी मला नाहीच झेपणार, त्या दिवशी मी जिन्यात जाऊन बसेन. तू कुठे जायचं नाहीस."

"जिन्यात गार लागतं," आई म्हणाली.

"लागू दे."

ताईने पर्स खांद्यावरून उतरवली. तिचे खांदेही वर्षानुवर्षांचं ओझं उतरल्यासारखे खाली आले. ती बसली तेव्हा तिच्या तोंडावर हायसं वाटल्याचं दिसलं, आणि ते दिसलं म्हणून ती ओशाळली. मिस्त्रींना ते ओळखीचं वाटलं. त्यांनी नजर वळवली.

"म्हणजे मी रजा टाकून याचं गाणं ऐकायला आले म्हणायचं," ताई म्हणाली. "आणि तेही असलं! आई, याला शाळेत गाण्याच्या तासाला बाहेर उभं करायचे, आठवतं का?"

"काय म्हणतेस?"

"बेसूर आहे म्हणते!"

"ते मला दिसतंय," आई म्हणाली. "ऐकू येत नसलं म्हणून काय झालं!"

बायको हसली, मोठ्याने हसली, आणि लगेच तोंडावर हात दाबला. मिस्त्रींच्या जबड्यापर्यंत एक कळ उतरून गेली. त्यांनी तिला नुसतं मानेने सांगितलं, असू दे. ते फार थकले होते. अजून किती सकाळी असं बसावं लागेल, किती वेळा जिन्यात जावं लागेल, याचा हिशेब त्यांनी मांडला नाही.

"कुठे होतो आपण?" आईने विचारलं.

"तिसऱ्या कडव्याला. मला येत नाही ते."

"तुला पहिलं तरी कुठे येत होतं?"

तिने पुढच्या ओळीसाठी श्वास घेतला. मिस्त्रींच्या कानात पतंग फडफडला, लगाम खेचला गेला. त्यांनीही श्वास घेतला.