रिपेअर की इम्प्रूव्ह?

इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळे पानाबाई म्हणत, कारण पाना कायम त्यांच्या खिशात. हाताला यश होतं. पण इंग्रजी लिहायचं म्हटलं की पेन पुढे सरकायचं नाही.

मंगळवारी त्यांनी नवजात बाळांना ऊब देणारी काचपेटी दुरुस्त केली. उष्णता मोजणारी तार तुटली होती. तिच्या जागी अगदी तशीच नवी बसवली. मग आला फॉर्म. काय केलं, ते इंग्रजीत लिहायचं. बाईंनी नणंदेला फोन लावला.

“वन्सं, दुरुस्त केलं, याला एखादा भारदस्त शब्द सांगा. रिपेअर काय, चपलेलाही म्हणतात!”

“मग इम्प्रूव्ह लिहा की, वहिनी. ऐकायलाही बरं वाटतं.”

बाईंनी ठसठशीत अक्षरात तेच लिहिलं.

बुधवारी सकाळी पेटीवर लाल चिठ्ठी: वापरू नये. परिचारिका म्हणाली, “सातव्या महिन्यातच जन्मलेलं बाळ आलंय. दुसऱ्या पेट्या भरल्यात, म्हणून आईच्या छातीशी धरून ठेवलंय. तपासणीवाले साहेब तुम्हालाच शोधताहेत.” बाई तशाच साहेबांकडे धावल्या.

साहेबांनी फॉर्म पुढे केला. “इम्प्रूव्ह म्हणजे होतं त्याहून चांगलं केलं. मूळ रचनेत काय बदललंत? कुणाला विचारून?”

“काहीच नाही हो! तुटलेली तार काढली, तशीच दुसरी घातली.”

“मग असं का लिहिलंत?”

बाई ओशाळल्या. “रिपेअर हलकं वाटलं.”

साहेबांनी स्वतः वाकून झाकण उघडलं, तारेवरचा क्रमांक यंत्राच्या पुस्तकाशी ताडून पाहिला आणि पेटी सुरू करून, हवी तेवढी ऊब आल्यावर अर्धा तास उष्णतेचा आकडा न्याहाळत बसले. बाई देव पाण्यात घालून बसल्यासारख्या उभ्या. आकडा जागचा हलला नाही.

“काम चोख आहे,” साहेब अखेर म्हणाले. “पण बाई, इथे मला सुधारणा नको. होतं तसं झालं की झालं. रिपेअर लिहा.”

“स्पेलिंग सांगता?”

साहेब हसले. एकेक अक्षर सांगितलं आणि चिठ्ठी काढून टाकली.

परिचारिकेने मूठभर बाळ पेटीत ठेवलं. काचेआड त्याने इवलीशी जांभई दिली, तेव्हा कुठे बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या भिंतीला टेकून मटकन खालीच बसल्या.

“पाणी देऊ?” परिचारिकेने विचारलं.

“दे बाई. आणि मग माझ्या नणंदेला फोन लावून दे. आज तिची खैर नाही!”