माशी कोणत्या डोळ्याची

गेल्या नोव्हेंबरात रेइनो हिएतालाच्या शर्टाची शेपटी कापली गेली. शिकारीच्या कॅम्पवरचा नियम साधा होता. हरणावर गोळी झाडून ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचा मागचा घोळ संध्याकाळी सगळ्यांदेखत कात्रीने कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि तो तुकडा स्टोव्हच्या वर भिंतीला ठोकायचा. भिंतीवर एकोणीस तुकडे होते. त्यांतले चार एकट्या ओन्नीचे, म्हणजे रेइनोच्या धाकट्या भावाचे. रेइनोचा चाळीस वर्षांत एकही नव्हता. मग साठ पावलांवर आडवं उभं असलेलं हरीण त्याने चुकवलं आणि विसावा तुकडा भिंतीवर गेला.

शर्ट धुवायला आला तेव्हा आउनेने काही विचारलं नाही. जुन्या पडद्याचं निळं कापड जोडून तिने घोळ पुरा केला आणि शर्ट खुंटीला लावला. अडतीस वर्षांच्या संसारात एवढं तिला समजत होतं. रेइनोने तो हिवाळाभर घातला नाही. विषय निघालाच तर तो एवढंच म्हणे, "माशी बिघडलीय." माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीक मणी, जो मागच्या खाचेत बसवून नेम धरायचा.

सप्टेंबरात आउने वेलदोडे आणायला सहकारी दुकानात गेली. शनिवारच्या गोड पावाला वेलदोडे लागतात आणि घरात चारच उरले होते. दारामागच्या फळीवर बटाट्यांच्या, पिल्लांच्या, जुन्या स्टोव्हच्या जाहिराती टाचलेल्या होत्या. त्यांत एक कार्ड रेइनोच्या अक्षरात होतं. "थर्टी-थर्टी रायफल, लिव्हरची. एकाच मालकाची. विकणे आहे."

तिने दोनदा वाचलं. मग टाचणी काढली, कार्ड पर्समध्ये टाकलं आणि टाचणी परत फळीला लावून ठेवली, कारण टाचणी दुकानाची होती.

शनिवारी रेइनो ओन्नीच्या छपरावर पत्रे ठोकायला गेला. आउनेने भिंतीवरची रायफल उतरवली, लिव्हरचा दांडा खाली ओढून आत बघितलं, गोधडीत गुंडाळली आणि ट्रेवॅरोकडे नेली. क्लाइड ट्रेवॅरो मूळचा तांब्याच्या खाणीतला. खाण बंद पडल्यापासून घरामागच्या खोलीत तो बंदुका दुरुस्त करी. त्याच खोलीत त्याच्या बायकोच्या लोणच्याच्या बरण्या असत. तिथल्या बंदुकांना तेलाचा आणि शेपूचा मिळून वास येतो, अशी गावात तक्रार होती.

"कुणावर राग काढायला निघालात, हिएतालाबाई?" गोधडी बघून ट्रेवॅरो म्हणाला.

"ठरलं नाही अजून. आत गोळी नाही. मी तीनदा बघितलंय."

त्याने दांडा उघडून आत बोट घातलं. "चौथ्यांदा. बोला."

"याची माशी आणि ती मागची खाच बदलायची. रेइनोला सांगायचं नाही."

"कशी हवी?"

"चांगली."

"चांगलं-वाईट डोळ्यावर असतं, बाई. बंदुकीवर ती नुसती बसवलेली असते." त्याने कपाटातून तीन पुड्या काढल्या आणि फडक्यावर मांडल्या. एक होती तशीच, हरणाच्या शिंगांसारखी दोन टोकं वर वळलेली खाच. दुसरी सपाट, मधोमध पांढरी रेघ ओढलेली. तिसरी म्हणजे एक लहानशी चकती, मधे भोक, बाजूला दोन स्क्रू.

"ही काय, बटण?" आउनेने चकती उचलली.

"आता सगळे म्हातारे हीच नेतात. असं बघा. खाच एका ठिकाणी, माशी दुसऱ्या, हरीण तिसऱ्या. तरुण डोळा तिन्हींवर उड्या मारतो. आपला मारत नाही. या भोकातून नुसतं बघायचं आणि भोक विसरून जायचं. माशी हरणावर ठेवायची, बास. नळीवर नाही, इथे मागे, डोळ्याजवळ बसते. त्यामुळे पुढची माशी थोडी उंच लावावी लागेल."

आउनेने भोकातून खिडकीबाहेर बघितलं. चर्चचा मनोरा एकदम स्वच्छ दिसला. "हीच द्या."

"थांबा. रेइनो पेपर केवढ्यावर धरतो?"

तिने दोन्ही हात लांब केले. "एवढ्यावर. आणि म्हणतो, छपाई भिकार आहे."

"बरोबर. खांदा कुठला?"

"उजवा. कोटाला तिथे चामड्याचं ठिगळ मीच लावलंय."

"गोळी झाडल्यावर खांदा काळानिळा होतो?"

"खांदा नाही. नाक." आउने सहज बोलून गेली. "गेल्या वर्षी खाणीमागे सराव करून आला, तर नाकाची उजवी बाजू निळी. म्हणे सौनाचं दार लागलं. वाफेच्या अंघोळीला सौना तर आम्ही पेटवलाच नव्हता त्या दिवशी."

ट्रेवॅरोने हातातला पेचकस खाली ठेवला. त्याने रायफल उजव्या खांद्याला लावली आणि मान लाकडावरून पलीकडे झुकवली, शेजारच्या ताटात डोकावावं तशी.

"माझा अंगठा कुठे आलाय?"

"नाकावर."

"आणि बघतोय कोणत्या डोळ्याने?"

आउनेने वाकून बघितलं. "डाव्या."

"उजवा चांगला असलेला माणूस मान अशी मोडत नाही, हिएतालाबाई."

ती लोणच्याच्या बरण्यांशेजारी स्टुलावर बसली. वर्षभर नजरेसमोर असलेल्या गोष्टी आता ओळीने पुढे आल्या. टेबलक्लॉथवर कपाच्या उजव्या बाजूला पडणारे कॉफीचे डाग, जे ती दर सोमवारी घासत होती. ट्रक मागे घेताना आडवा झालेला पत्रपेटीचा खांब, तोही उजवीकडचा. आणि चर्चमधली जागा. लग्नापासून ती त्याच्या उजव्या हाताला बसत आली होती. गेल्या नाताळात तो बाकाजवळ थांबला आणि म्हणाला, "तू इकडे ये. डावीकडे." तेव्हापासून तसंच. तिला वाटलं होतं, उजव्या कानाने ऐकू कमी येतंय. म्हणून ती नाताळापासून मोठ्याने बोलत होती.

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

"आधी डॉक्टर. चकती मी आज बसवीन, पण ती कोणत्या डोळ्यासाठी ते कळायला नको?" ट्रेवॅरोने रायफलीवरून हात फिरवला. "एक सांगतो. दुसरी कुठली बंदूक असती तर मीच म्हटलं असतं, विका. बोल्टवालीचा दांडा उजवीकडे असतो, डाव्या खांद्यावर माणूस नुसता झटापट करतो. हिचा दांडा पोटाखाली आहे, मधोमध. हिला डावं-उजवं काही पडलेलं नाही. माणसाला शिकावं लागेल, हिला नाही."

रायफल तिथेच राहिली. चकती एका औषधाच्या डबीत घालून आउने घरी आली.

रेइनो चारला आला. हात धुतले, टॉवेल घेतला आणि टॉवेल हातात असतानाच त्याला भिंतीवरच्या रिकाम्या खुंट्या दिसल्या.

"गेली?"

"काय?"

"रायफल. कोण आलं होतं?"

"गिऱ्हाईक," आउने म्हणाली. तिला जरा राग आलेला होता आणि तो थोडा वेळ चालू ठेवायचा होता.

"इतक्या लवकर." तो खुर्चीवर बसला. टॉवेलची नीट घडी केली, उलगडली, परत केली. "माणूस बरा होता?"

"कजाग होता. कॉफी घे."

तिने कप ठेवला आणि त्याच्या उजव्या हाताला जाऊन बसली, जिथे ती नाताळापासून बसली नव्हती. तिच्याकडे बघायला त्याने सगळी मान फिरवली.

"मान नको फिरवूस. समोर बघ. आता डावा डोळा हाताने झाक आणि माझ्याकडे वळ. मी काय धरलंय सांग."

"हे काय पोरखेळ, आउने?"

"झाक."

त्याने झाकला. तिच्या हातात ते कार्ड होतं. स्टोव्हवर किटलीचं झाकण वाजत राहिलं.

"मधोमध काही नाही," रेइनो शेवटी म्हणाला. "धूर आहे. कडेकडेने तू आहेस."

तिने कार्ड खाली ठेवलं. "केव्हापासून?"

"गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून. आधी रेघा वाकड्या दिसायच्या. दाराची चौकट, कुंपण. मग हा धूर."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगणार होतो. पण तू ओरडूनच बोलायला लागलीस. मला वाटलं, हिला कळलंय आणि ही चिडलीय."

"मी ओरडत होते कारण मला वाटलं तू बहिरा झालास."

"मी कशाला बहिरा होऊ?"

"मग डावीकडे का बसवलंस मला?"

रेइनोने डोळ्यावरचा हात काढला. "दिसावीस म्हणून," तो म्हणाला आणि कॉफी पिऊ लागला. कप टेबलावर ठेवताना थोडी सांडली. आउनेने ती पुसली नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "एका शेपटीपायी रायफल विकतोस? ओन्नीच्या चार आहेत. तो बघ कसा मिरवतो."

"शेपटीचं नाही गं." त्याने कार्ड उलटं करून ठेवलं. "हरीण होतं ते मला माहीत होतं. मान वाकडी करून डाव्याने नेम धरला, घाईत झाडली. मागे काय होतं ते बघितलंच नव्हतं. संध्याकाळी शेपटी कापताना ओन्नी हसत हसत सांगत होता, तुझी गोळी माझ्या डोक्यावरच्या फांद्यांतून गेली, बर्फ पडला अंगावर. सगळे हसले. मीही हसलो. माशी बिघडली असं म्हणालो." त्याने कप बाजूला सारला. "त्या रात्रीच ठरवलं होतं. कार्ड लावायला दहा महिने लागले, एवढंच."

आउनेने औषधाची डबी टेबलावर ठेवली. त्याने उघडून चकती बाहेर काढली, भोकाला डावा डोळा लावला आणि खिडकीबाहेर बराच वेळ बघत राहिला.

"ट्रेवॅरोकडे आहे ती," आउने म्हणाली. "आधी डॉक्टर. तो म्हणाला डावाही चालायचा नाही, तर कार्ड मी स्वतः परत लावते. म्हणाला चालेल, तर उजवा खांदा विसरायचा. आणि ओन्नीला सगळं सांगायचं. फांद्यांचंही."

"ते नाही."

"तेच आधी."

हॅनकॉक गावच्या डोळ्यांच्या डॉक्टरने दोन्ही डोळ्यांत थेंब घालून तासभर बघितलं. उजव्याचा मधला भाग परत यायचा नाही, असं त्याने सरळ सांगितलं. डावा उत्तम होता. रेघा वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी यायचं, अशी ताकीद दिली आणि चौकटींचा एक कागद दिला, रोज बघायला. तो आउनेने वेलदोड्यांच्या डब्यावरच्या भिंतीला चिकटवला.

ऑक्टोबरभर रेइनो डावरा व्हायला शिकला. रोज जेवणाआधी रिकामी रायफल घेऊन तो परसात जाई आणि सौनाच्या भिंतीवर काढलेल्या खडूच्या ठिपक्यावर माशी धरी. पहिले आठ दिवस रायफल आपसूक उजव्या खांद्याकडेच जाई. मग आउनेने कोटाच्या उजव्या खांद्यावरचं चामड्याचं ठिगळ उसवलं आणि डाव्यावर शिवलं. त्या दिवसापासून चुका कमी झाल्या.

खाणीमागच्या खड्ड्यात पहिल्या पाच गोळ्या खाली आणि डावीकडे गेल्या. ट्रेवॅरोने चकतीचा स्क्रू फिरवला. दुसऱ्या पाच उजवीकडे. परत फिरवला. अंधार पडायच्या आधीच्या पाच बशीएवढ्या जागेत बसल्या. रेइनोने कागद उतरवला आणि उजेडाकडे धरून भोकं मोजली, चार जवळजवळ आणि एक जरा बाजूला.

"नाक बघू," आउने म्हणाली.

नाक जसंच्या तसं होतं.

पंधरा नोव्हेंबरला मोसम उघडला. आदल्या दिवशी निघताना रेइनोने खुंटीवरचा निळ्या घोळाचा शर्ट घातला. आउनेने मटणाच्या कानवल्यांची पिशवी दिली. चौथ्या दिवशी दुपारी ट्रक परत आला. मागे हरीण नव्हतं. तिने त्याचा कोट उतरवून घेतला आणि पाठीमागून शर्ट बघितला. निळा घोळ शाबूत होता.

"दिसलंच नाही काही?"

"दिसलं ना. दुसऱ्या दिवशी सकाळी. मोठं, आठ टोकांचं. चकतीत शिंगांची टोकं मोजता आली मला." तो बूट काढत होता. "टेकाडाच्या कडेवर उभं होतं. मागे नुसतं आभाळ. पलीकडे काय ते दिसेना, म्हणून रायफल खाली घेतली. ते आपल्या पायाने गेलं."

"आणि पलीकडे?"

"ओन्नी होता. बुंध्यावर बसून कॉफी पीत."

"सांगितलंस त्याला?"

"सांगितलं. डोळ्याचंही सांगितलं, फांद्यांचंही." रेइनोने दुसरा बूट ओढला. "त्याने उरलेली कॉफी खाली ओतली. मग म्हणाला, हरीण न मारल्याबद्दल शेपटी कापायचा नियम नाही, नाहीतर हा निळा पडदा भिंतीवर छान दिसला असता."

"मग?"

"मग संध्याकाळी कॅम्पवर त्याने भिंतीवरची माझी गेल्या वर्षीची शेपटी काढली आणि खिशात घातली. म्हणाला, ही माझी, गोळी माझ्याच डोक्यावरून गेली होती."

आउनेने कोट खुंटीला लावला. मग ती टेबलाशी त्याच्या डाव्या हाताला बसली आणि हळू आवाजात विचारलं, पुढच्या वर्षी कानवले किती करू.

"काय?" रेइनो म्हणाला. "जरा मोठ्याने बोल ना."