झोपलेल्या बातमीदाराचा फोन

अगं, ऐक तर! त्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात नियमच आहे, जिला धमक्या येतात तिचा फोन आठवडाभर मैत्रिणीने वाचायचा. शिव्या आपणच गिळायच्या, खरा धोका असेल तरच तिला सांगायचं. तीन रात्री टक्क जागी असलेली बातमीदार दुपारी ऑफिसातल्या सोफ्यावर कशीबशी झोपली, आणि उपसंपादिकेच्या हातातल्या फोनवर फोटो आला. बातमीदाराच्या घराचं दार, सकाळीच बसवलेल्या नव्या कुलपासकट! उपसंपादिकेने पोलिसांना कळवलं, मग बातमीदाराच्या घरी तिच्या आईला फोन लावला.

"काकू, दार उघडू नका!"

"नाही उघडत. पण तिला उठवू नकोस गं, वेडी धावत इकडेच येईल."

उपसंपादिकेचा हात झोपलेलीच्या खांद्यापाशी थबकला. तू उठवलं असतंस?