तुळसीचे बत्तीस अंश

मित्रांनो, मी काचेचा एक जुना तापमापक आहे. कुंभकोणमच्या कॉलेजात चंद्रमौली मास्तर मला उकळत्या पाण्यात बुडवीत आणि मुलांना पारा चढताना दाखवीत. जग म्हणजे पाणी आणि वाफ, एवढेच मला ठाऊक होते.

१९५९ साली एके सकाळी डॉक्टर त्रिविक्रमराव धापा टाकीत प्रयोगशाळेत आले. जवळच्या तिरुविडैमरुदूर गावची नऊ वर्षांची तुळसी कावेरीत बुडाली होती. बाहेर काढल्यावर श्वास परतला, पण शुद्ध आली नाही. झटके येत होते. मेंदू वाचवायचा तर तिचे अंग बर्फाने नेहमीच्या सदतिसावरून बत्तीस अंशांवर आणायचे होते, आणि दवाखान्यातला तापमापक पस्तिसाखाली मोजतच नव्हता. मास्तरांनी मला रुमालात गुंडाळून त्यांच्या हाती दिले.

तुळसीच्या आईपासून, वेंकटलक्ष्मीपासून, डॉक्टरांनी काही लपवले नाही. "अक्का, हे मी कधी केलेले नाही. नुसते वाचले आहे."

तिने लेकीचे ओले केस मागे सारले. मग म्हणाली, "वाचले तसे करा."

भुशात बांधलेला बर्फ कारखान्यातून आला. अंग थंडीने कापू नये म्हणून औषध टोचले. नर्स शिवकामीने मला तुळसीच्या काखेत धरले. छत्तीस, चौतीस, बत्तीस. एवढे गार अंग, आणि आत हृदय चालूच! मी थक्क झालो. आईने पाय चाचपले आणि लेकरू गेले की काय म्हणून ती हबकली. डॉक्टरांनी समजावले, दुखावलेल्या मेंदूची भूक थंडीत कमी होते, म्हणून तो तग धरतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पारा एकोणतिसावर घसरला. नाडीचे ठोके चुकू लागले. शिवकामीने माझी रेघ वाचली आणि बर्फ भराभरा बाजूला ओढला. पारा बत्तिसावर परतेपर्यंत तिने मला काखेतून हलू दिले नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला हळूहळू ऊब दिली, काही तासांनी एक अंश, अशी. छत्तिसावर तुळसीच्या पापण्या हलल्या. ओठ उघडले.

"अम्मा, हिंव लागते."

वेंकटलक्ष्मीने आपला पदर तिच्या अंगावर ओढला. डॉक्टर खिडकीकडे वळून चष्मा पुसू लागले.

तुळसीचा डावा हात पुढे वर्षभर थरथरत होता. तरी ती पुन्हा शाळेत गेली.

आता माझे आकडे पुसट झाले आहेत. मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. कुणी गार पडलेला दिसला तर नुसता हात लावून त्याच्याजवळून उठू नका. आत कुणीतरी अजून वाट पाहत असते.