टीव्हीतले आजोबा आणि माझा भोंगा

आमच्या घरात रोज संध्याकाळी एक म्हातारा पडतो. मी नव्हे. मी एकदाच पडलो, बाथरूमच्या दारात, आणि त्यात खुब्याचं हाड मोडून घेतलं. हा दुसरा म्हातारा सूनबाईच्या यंत्रातला आहे. त्याचं काहीच मोडत नाही. दुसऱ्या दिवशी ठणठणीत होऊन पुन्हा पलंगावर हजर!

सूनबाई हॉस्पिटलात सिस्टर आहे, हाडांच्या वॉर्डात. पलंगावरून उतरताना पेशंट पडतात, म्हणून वरच्या लोकांनी हे नवं शिक्षण काढलंय. डोळ्यांवर जाडजूड काळा चष्मा चढवायचा, दोन्ही हातांत एकेक दांडी धरायची, की समोर अख्खा वॉर्ड उभा राहतो. व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात त्याला. तिथे पलंगावर एक आजोबा असतात, त्यांना पडू द्यायचं नाही, एवढाच खेळ. सरावासाठी चष्मा आठवडाभर घरी मिळाला होता आणि आमच्याकडे हात फिरवायला मोकळी जागा फक्त माझ्या खोलीत. टीव्हीही माझ्याच खोलीत. तिला चष्म्यात जे दिसतं ते मला टीव्हीवर दिसायचं. थोडक्यात, माझ्या मालिका बंद आणि हा म्हातारा चालू.

परीक्षा शुक्रवारी होती. पहिल्या खेपेला ती नापास झालीच होती. आता पुन्हा झाली, तर वॉर्डातून उचलून केस-पेपरच्या खिडकीवर बसवणार होते. "बाबा, दिवसभर नाव काय, वय काय विचारत बसू? मी वेडी होईन हो," असं ती म्हणाली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. ऑपरेशननंतर पेशंट पहिलं पाऊल टाकतो ना, तेव्हा तिचा चेहरा कसा होतो हे मी जवळून पाहिलंय. ते पाऊल माझंच होतं.

आता थोडं माझ्याविषयी. मी जन्मभर लोकांना गाडी शिकवली. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर आणि मी शेजारच्या सीटवर, पायाखाली माझा वेगळा ब्रेक. त्यामुळे दुसऱ्याच्या चुका बघत बसणं हा माझा धंदाच. सूनबाईनं चष्मा लावला की पलंगावर बसल्या बसल्या माझा चांगला पाय आपोआप दाबला जायचा.

पण खरं सांगायचं तर चूक काही सापडेना. तिचं काम एकदम चोख. पलंगाच्या चाकांना ब्रेक लावायची, पलंग खाली घ्यायची, फरशीवरचं पाणी पुसायची, चपला पायाशी, आजोबांचा चष्मा उशाशी, बेल हाताशी. वर हसून विचारायची, "आजोबा, काही हवंय का? लागलं तर बेल वाजवा हं!" आणि भुर्रकन पुढच्या पेशंटकडे. की मागे धप्प! मग एक कोरडा आवाज यायचा, "पेशंट पडला. पेशंटने मदत मागितली नाही."

"नाही मागितली म्हणजे काय? मी विचारलं की!" सूनबाई यंत्राशी भांडायची. "बाबा, तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं बुवा."

"मग हा म्हाताराच हट्टी आहे."

"असतात काही जण," मी म्हणायचो आणि पेपर तोंडापुढे धरायचो.

पेपर धरायला कारण होतं. चिरंजीवांनी माझ्या पलंगाला एक रबरी भोंगा बांधून ठेवला होता, सायकलरिक्षाला असायचा तसला. "उठायचं झालं की दाबा. एकटे उठलेले दिसलात, तर दिवसभराचा माणूस ठेवीन," असा दमही दिला होता. माणूस! शेजारच्या पेन्शनरसाहेबांकडे आहे तसला एक. साहेब खिडकी उघडतात, तो लावतो. साहेब खोकले की तो घरी फोन करतो. जन्मभर मी ब्रेकवर पाय ठेवून दुसऱ्यांच्या शेजारी बसलो. आता माझ्या शेजारी कुणी तसं बसावं, हे मला अजिबात मंजूर नव्हतं.

आणि भोंगा? विनाकारण हॉर्न वाजवू नका, हे मी निम्म्या गावाला शिकवलंय. सूनबाई ड्यूटीवरून यायची, एका हातानं कुकर लावायची, दुसऱ्या हातानं कपडे वाळत घालायची, मधेच माझ्या दारात डोकावून "बाबा, काही हवंय का?" म्हणायची आणि मी तोंड उघडेपर्यंत गायब. अशा माणसाच्या मागे काय भोंगा वाजवायचा? मी गुपचूप उठायचो. टेबलाची कड, कपाटाचा कोपरा, दाराची चौकट, भिंत, की आलं बाथरूम. एकदा चौकटीवरून हात सटकला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण कुणाला पत्ता लागू दिला नाही. मनातून मात्र चांगलाच टरकलो होतो.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आजोबा नेहमीप्रमाणे पडले. सूनबाईनं चष्मा काढून माझ्या पांघरुणावर टाकला आणि पाय आपटत स्वयंपाकघरात गेली. एरवी ती यंत्र लगेच बंद करायची. त्या दिवशी रागाच्या भरात विसरली, आणि टीव्हीवर तोच प्रसंग पुन्हा सुरू झाला. या वेळी छताच्या कोपऱ्यातून, म्हणजे सिस्टर आणि आजोबा दोघंही दिसतील असा.

सिस्टरनं विचारलं, "काही हवंय का?" आजोबांनी मान वळवली. तोंड उघडलं. तोवर सिस्टर दारात पोहोचली होती. आजोबांनी तोंड मिटलं. बेलकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, थोडा वेळ थांबले आणि मग हळूच एक पाय खाली सोडला.

मला दरदरून घाम फुटला. अहो, तो मीच होतो! फक्त त्याला मिशा होत्या.

आता आली पंचाईत. गप्प बसावं, तर पोरगी उद्या खिडकीवर जाणार. सांगावं, तर "तुम्हाला कसं कळलं?" हा प्रश्न येणार, आणि त्यामागून तो दिवसभराचा माणूस. मी पेपर उचलला. ठेवला. पुन्हा उचलला. स्वयंपाकघरातून नाक ओढल्याचा आवाज आला आणि मी पेपर फेकून दिला.

"अगं, जरा इकडे ये! हे बघ."

ती आली. मी टीव्हीवरचा तो भाग पुन्हा लावायला सांगितला. तिनं उभ्या उभ्या पाहिला.

"यात काय? विचारलं तर आहे मी."

"विचारलंस. माझे विद्यार्थी आरशात बघायचे ना, तसं. मान वळवली की झालं काम. मागची गाडी कुणाला दिसायचीच नाही. म्हाताऱ्याला वाक्य जुळवायला वेळ लागतो गं. त्यातून बाथरूमचं वाक्य! ते काय पटकन तोंडातून निघतं?"

ती माझ्याकडे बघायला लागली. "त्याला बाथरूमला जायचं होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

आला प्रश्न.

"कुणी नाही," मी म्हणालो. "मीही असाच उठतो."

"कधी?"

"रोज."

"बाबा!" तिचे डोळे भरून आले आणि आवाज चढला. "पुन्हा पडला असतात तर? पुन्हा चालता आलं नसतं, कळतंय का तुम्हाला? तो भोंगा काय शोभेला बांधलाय?"

"तू घाईत असतेस," मी म्हणालो.

म्हणालो आणि लगेच वाटलं, जीभ चावावी. एवढं राबते बिचारी, तिला हे ऐकवायचं? ती तडक बाहेर गेली. संपलं, मी मनात म्हटलं, आता चिरंजीवांना फोन. पण ती परत आली ती स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन. खुर्ची माझ्या पलंगाशी लावली, मोबाइल टेबलावर पालथा घातला आणि बसली.

"बाबा, काही हवंय का?"

आणि गप्प राहिली. स्वयंपाकघरात काहीतरी खदखदत होतं, तरी उठली नाही. मी छताकडे पाहिलं. भोंग्याकडे पाहिलं. घसा खाकरला.

"बाथरूमला जायचंय," मी म्हणालो. "मघापासून."

शुक्रवारी ती दारातूनच ओरडत आली, "पास!" वर सांगते, "मी विचारून नुसती उभी राहिले. शिकवणाऱ्या बाईंना वाटलं, यंत्र अडकलं. आणि मग आजोबा बोलले हो! सिस्टर, बाथरूमला जायचं होतं, म्हणाले."

"मघापासून, असं म्हणाले?"

"नाही. तेवढं तुमचंच." आणि मग आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

रात्रीच्या जेवणाला चिरंजीवांनी त्या माणसाचा विषय काढला. कुणीतरी चांगला माणूस सुचवला होता म्हणे. सूनबाई शांतपणे वाढत होती. "कशाला?" ती म्हणाली. "बाबा भोंगा वाजवतात की." आणि माझ्याकडे एकदाच पाहिलं.

तोवर मी भोंग्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. माझ्यासाठी नवऱ्याशी धडधडीत खोटं बोलली बाई. ते खरं करणं आता माझ्याकडे लागलं.

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. दुपारी ती आतल्या खोलीत फोनवर कुणाशी तरी तावातावानं बोलत होती, कुकर शिट्ट्या देत होता, आणि मला उठायचं होतं. सवयीनं एक पाय खाली गेलासुद्धा. टेबलाची कड हाताच्या अंतरावर होती. मी आतल्या खोलीकडे पाहिलं, पाय वर घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा, पुढे एकही गाडी नसताना, हॉर्न वाजवला.

पोंऽऽ!

"आलेऽऽ!" फोन तिनं तिथेच बंद केला. ती आली, खुर्ची ओढली आणि बसली. घाईत नव्हती. निदान मला तसं दिसू तरी देत नव्हती.