नोंद घेतली आहे

कवळीचा सुळा चिमट्यात धरलेला असतानाच टेबलावरचा फोन थरथरायला लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. मावशींनी तो पालथा घातला, सुळा मेणात नीट बसवला, साचा दिव्याखाली फिरवून पाहिला आणि मगच हात पुसले.

"घरी काही झालं का?" पलीकडून पॉलिशवाल्याने विचारलं.

"घरी नाही, समुद्रावर झालंय."

पॉलिशवाला हसला. लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडासाठी कवळ्या घडवणाऱ्या या बाईंना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दीड महिना पडून राहावं लागलं, तेव्हा मुलीने फोनवर एक खेळ घालून दिला. प्रत्येकाचं एक बेट, एक होडी. होडी हाकत दुसऱ्यांच्या बेटांवर जायचं, गप्पा मारायच्या. गुडघा बरा झाला, खेळ काही सुटला नाही. नवख्यांना शीड उभारायला शिकवता शिकवता, रुसव्याफुगव्यांत मध्यस्थी करता करता त्या तिथे सगळ्यांच्या 'मावशी' झाल्या. पुढे लॅबमध्येही तेच नाव पडलं. दोन वर्षांपूर्वी कंपनीने त्यांना खेळाडूंची प्रतिनिधी नेमलं. पगार वगैरे काही नाही, नुसता मान.

त्या दिवशी सकाळी कंपनीने खेळात बदल केला होता. आधी नांगर उचलायला बोट दाबून धरलं की पुरे व्हायचं. आता तीन सेकंदांत आठ वेळा टिचकी मारायची, नाहीतर होडी बंदरातच. खेळात जोश यावा म्हणून, असं कंपनीने लिहिलं होतं.

पन्नासेक निरोप होते. मावशींनी आधी खेकड्याचा उघडला.

"मावशी, नांगर निघत नाही. अकरा वेळा बघितलं."

खेकडा हे त्याने स्वतःच घेतलेलं नाव, कारण त्याची होडी कायम तिरकी जायची. माणूस चौतिशीचा. पूर्वी इमारतींचे नकाशे काढायचा. मग स्नायूंच्या आजाराने एकेक करून सगळं थांबलं. आता उजवा अंगठा तेवढा हलत होता, तोही सावकाश. आई त्याच्यापुढे स्टँडवर फोन लावून द्यायची, आणि रोज दुपारी मावशींच्या जेवणाच्या सुट्टीत दोघं दोन होड्या घेऊन निघायचे.

मावशींनी लगेच कंपनीतल्या मुलीला लिहिलं. खेळाडूंशी बोलणं हेच तिचं काम होतं, आणि पोरगी गोड होती. तासाभरात उत्तर आलं. "मावशी, मी वर बोलते. पंधरा दिवसांनी पुढचा बदल येतोय, त्यात नक्की होईल. तोवर तुम्ही सगळ्यांना जरा धीर द्या ना."

मावशींनी खेळाडूंच्या फलकावर लिहिलं, "पंधरा दिवस कळ काढा. होईल. मी शब्द देते."

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो चपला काढता काढता थांबला. जन्मभर बस चालवलेला माणूस. "तू कशाला शब्द दिलास? स्टिअरिंग तुझ्या हातात आहे का?"

"ती मुलगी म्हणाली ना."

"ती कंडक्टर आहे गं. ड्रायव्हर कोण, ते बघ आधी."

ड्रायव्हर बघायला मिळाला आठवड्याने. तोवर मावशींनी चारशेच्या वर तक्रारी वाचून, वेगळ्या करून पाठवल्या होत्या. कोणाला संधिवात, कोणाच्या कडेवर बाळ, एका निवृत्त शिक्षिकेचा हात कापत होता. त्या मुलीने खटपट करून व्हिडिओ कॉलवर वरच्या साहेबांची दहा मिनिटं मिळवून दिली. लॅबच्या मागच्या खोलीत प्लास्टरच्या गोण्यांमध्ये स्टूल टाकून, केस नीट करून मावशी फोनसमोर बसल्या.

साहेब त्यांच्या मुलीच्या वयाचे होते. "मॅडम, आकडे तर छान आहेत. नांगर बदलल्यापासून लोक रोज चार मिनिटं जास्त खेळतायत."

"जास्त खेळत नाहीयेत हो. चार मिनिटं नांगर काढत बसलेत."

कोपऱ्यातल्या चौकटीत ती मुलगी हसू आवरत खाली बघायला लागली. साहेबही हसले. "चांगला मुद्दा आहे. नोंद घेतली."

"मी कवळ्या करते," मावशी म्हणाल्या. हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. "कवळी बोचली की माणूस परत येतो. मी दोन मिनिटं घासून देते. बाकीच्यांना बसतेय, मग तुम्हालाच कशी बोचते, असं म्हणून घालवत नाही. जुना नांगर राहू द्या, एवढंच. ज्याला नवा हवा त्याने नवा घ्यावा."

"तुमची तळमळ आमच्यापर्यंत पोचली," साहेब म्हणाले. त्यांची नजर दुसरीकडे कुठेतरी गेली होती. नवव्या मिनिटाला चौकट काळी झाली.

पंधराव्या दिवशी बदल आला. होड्यांना रंगीत शिडं आली होती. नांगर सोन्याचा झाला होता. आठ टिचक्या तशाच.

फलकावर लोक तुटून पडले, पण कंपनीवर नाही. कंपनी तिथे नव्हतीच. तिथे मावशी होत्या. "शब्दाचं काय झालं?" "कंपनीची चमची." "मावशी, तुमचं काय ठरलं होतं त्यांच्याशी?" हे शेवटचं लिहिणाऱ्याला शीड उभारायला त्यांनीच शिकवलं होतं, सलग तीन दिवस. मावशी उत्तर लिहायला बसल्या. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. मग त्या मुलीला लिहिलं, "अगं, काय झालं हे?"

उत्तर तत्काळ आलं. "ही व्यक्ती आता आमच्याकडे काम करत नाही. आपल्या म्हणण्याची नोंद घेतली आहे."

संध्याकाळी कंपनीने फलकच बंद केला.

मावशींनी प्रतिनिधीपद सोडत असल्याचं दोन ओळींत कळवलं. त्याचीही नोंद घेतली गेली.

नवऱ्याने चहा टाकला, कप त्यांच्यापुढे ठेवला. मग म्हणाला, "एकदा एका बाईला मी सांगितलं होतं, नक्की वेळेत पोचवतो. दवाखान्यात जायचं होतं तिला. पुढे पूल बंद निघाला."

"मग?"

"काही बोलली नाही. उतरून चालायला लागली. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

खेकड्यानेही काही लिहिलं नव्हतं. त्याची होडी मावशींच्या बंदरात, जिथे त्या दिवशी अडकली तिथेच उभी होती. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी लॅबच्या फोनवरून, त्याने पूर्वी कधीतरी लिहून पाठवलेला नंबर फिरवला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. फोन त्याच्या आईने घेतला आणि त्याच्या कानाशी धरला.

"मी शब्द दिला होता," मावशी म्हणाल्या.

पलीकडून श्वास घेत घेत एकेक शब्द आला. "तुम्ही, कुठे, कंपनी आहात?"

"तरीपण."

"तुमचा नांगर निघतो?"

"निघतो."

"मग काढा ना. सुट्टी संपेल."

मावशींनी रिसीव्हर मान वाकवून खांद्याशी दाबला आणि स्वतःचा फोन साच्यांच्या मधे टेबलावर ठेवला. आठ टिचक्या मारल्या. मेणाने चिकट झालेलं बोट दोनदा घसरलं, तरी नांगर निघाला.

"निघालात?"

"निघाले."

"काय दिसतंय?"

"बंदर मागे पडलं. उजवीकडे शिक्षिकाबाईंचं बेट. दार लावलंय त्यांनी."

"वारा?"

"मागून. शीड गच्च भरलंय."

"थोडं सैल सोडा. कलेल नाहीतर."

त्यांनी सोडलं. होडी सावरली.

"आता काय दिसतंय?"

मावशींनी नीट पाहिलं. "आता काहीच नाही रे. पाणीच आहे."

"असू दे," तो म्हणाला. "सांगत राहा."