गाठ सोडणारं मशीन

लाँड्रीतल्या वायरमनकाकांचा फोन आला, तेव्हा ते बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले. बाबांची तब्येत, माझं काम, हवा. मग एकदम म्हणाले, "ताई, माझ्या हातून बाईंचं मशीन गेलं."

बाई म्हणजे माझी आई. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

आई कंट्रोल पॅनेलं बनवायची. तिच्याच छोट्या वर्कशॉपमध्ये आता मी तेच काम करते. त्या लाँड्रीत हॉस्पिटलांच्या चादरी आणि गाऊन धुतले जातात. तिथल्या सगळ्यात मोठ्या मशीनचं पॅनेल तिने मी शाळेत असताना बनवलं होतं. दुसरीकडची तिची पॅनेलं एकेक करून निघाली होती. नवीन आली, छोटी आली, स्क्रीनवाली आली. तिच्या हातचं चालू असलेलं एवढं एकच उरलं होतं. म्हणून काकांचं वाक्य ऐकून मी खुर्ची ओढून बसले आणि त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

मशीन म्हणजे नुसता एक मोठा ड्रम, मोटर आणि व्हॉल्व्ह. कधी पाणी घ्यायचं, कधी वाफ सोडायची, कधी पिळायचं हे ठरवतो पॅनेलमधला कंट्रोलर, म्हणजे पीएलसी. तो जुन्या बनावटीचा. त्याचा प्रोग्राम ज्या मेमरीत राहतो ती विजेवर जिवंत असते, आणि वीज गेली की एका बोटभर बॅटरीवर. बॅटरी उतरली की कंट्रोलरवर बारीकसा लाल दिवा लागतो. आई होती तोवर ती दरवर्षी जाऊन ती बॅटरी बदलून यायची. ती गेल्यावर कोणाच्या लक्षात राहिलं नाही. दिवा कधी लागला हेही कोणी सांगू शकलं नाही. एक दिवस काकांनी पॅनेलचं दार उघडलं तेव्हा तो दिसला.

त्यांनी तशीच बॅटरी शोधून आणली. मग आईने वर्षानुवर्षं डोक्यात भरवलेली गोष्ट त्यांनी इमानाने केली. मेन स्विच बंद केला. हँडलला स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि मग आत हात घातला.

मेन बंद होताच मेमरी त्या मरायला टेकलेल्या बॅटरीच्या भरवशावर आली, आणि तिने जीव सोडला. काकांनी नवी बॅटरी बसवली तोवर आत काहीच उरलं नव्हतं. ती बॅटरी वीज चालू ठेवूनच बदलायची असते. आई नेहमी तशीच बदलायची, आणि त्या वेळी काकांना चहाला पाठवून द्यायची. नियम तिने त्यांना दिला होता, अपवाद स्वतःकडे ठेवला होता.

"त्यांनी मला माणूस मरू नये म्हणून सवय लावली," काका म्हणाले, "आणि त्याच सवयीने मी त्यांचं काम मारलं." पॅनेलरूमच्या किल्ल्या आपण मॅनेजरच्या टेबलावर ठेवून आलोय, असंही त्यांनी सांगितलं.

मी म्हटलं, आईच्या कॉम्प्युटरवर प्रत असेल, उद्या येते.

प्रत होती. कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ लागला की बाबा मागे उभे राहून म्हणाले, याच्यापेक्षा तुझी आई सकाळी लवकर उठायची. पण फाइल उघडली. तारीख बघितली आणि माझा हात थांबला. ती अगदी पहिली आवृत्ती होती, पॅनेल बसवलं त्या वर्षीची. पुढचे सगळे बदल आईने लाँड्रीतच, पॅनेलसमोर उभं राहून, प्रोग्राम बदलायच्या हातातल्या छोट्या यंत्राने केले होते. ते फक्त मशीनला माहीत होते.

तरी मी ती वाचली. ओळीमागून ओळ, नीट. प्रत्येकाची प्रोग्राम लिहिण्याची एक ढब असते. आई दोन पावलांत होणारं काम कधी एका पावलात करत नसे. ही ढब ओळखीची होती, पण लिहिणारी अनोळखी वाटत होती. हे लिहिलं तेव्हा ती माझ्या आत्ताच्या वयाहून लहान होती.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत पोचले तर मॅनेजर दारातच भेटले. त्यांनी आईबद्दल दोन चांगले शब्द बोलून घेतले आणि मग म्हणाले, "मशीनला विस्मरण झालंय, मॅडम. आमच्या सासऱ्यांनाही झालंय, पण ते जेवायचं तरी विसरत नाहीत." नंतर सरळ मुद्द्यावर आले. चादरी सध्या दुसऱ्या लाँड्रीत जात होत्या. उद्या संध्याकाळपर्यंत मशीन पहिल्यासारखं चाललं तर ठीक, नाहीतर ते भंगारात आणि नव्याची ऑर्डर. त्यांचं चुकत नव्हतं. हॉस्पिटलं चादरींसाठी थांबत नाहीत.

वायरमनकाका पॅनेलरूमच्या बाहेर उभे होते, उंबऱ्याच्या आत येत नव्हते. किल्ल्या मॅनेजरकडून मीच घेऊन आले आणि दार उघडलं.

आतलं सगळं आईने सोडलं तसंच. रॅकमध्ये डावीकडे पॉवर सप्लाय, त्याला लागून सीपीयू, म्हणजे कंट्रोलरचा मेंदू, मग मशीनकडून खबर घेणारी इनपुटची कार्डं, मग त्याला हुकूम देणारी आउटपुटची, आणि शेवटी एक रिकामी जागा, वर झाकणी लावलेली. शाळेत असताना मी तिला विचारलं होतं, हे नक्की करतं काय. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, आधी सगळीकडे एकदा बघून घेतं, मग विचार करतं, मग हात हलवतं आणि परत बघायला जातं. मी विचारलं, विचार करताना काही बदललं तर. ती म्हणाली, ते त्याला पुढच्या फेरीत कळतं. तोवर आधी बघितलेलंच खरं.

आई गेल्यावर कितीतरी दिवस मी स्वयंपाकघरात तिच्यासाठी एक कप जास्त काढायचे. ते आठवलं, आणि मी लॅपटॉपची वायर जोडली.

पहिली आवृत्ती आत गेली. सीपीयूवरचा हिरवा दिवा लागला. मशीनमध्ये चादरी भरल्या आणि सुरू केलं. पाणी आलं, वाफ आली, ड्रम फिरला. काका उंबऱ्यावरून मान लांब करून बघत होते. मग पिळायची वेळ आली आणि सबंध मशीन असं थडथडायला लागलं की मी धावत जाऊन लाल बटण दाबलं. ड्रममध्ये अजून गुडघाभर पाणी होतं.

पहिल्या आवृत्तीत आईने ठरावीक वेळ पाणी बाहेर सोडून थेट पिळायला घेतलं होतं. मशीन नवीन असताना तेवढा वेळ पुरत असणार. आता कापडाच्या तंतूंनी पाइप भरलेला, पाणी सावकाश जात होतं. म्हणजे मधल्या वर्षांत केव्हातरी तिने ही अडचण सोडवली होती. कशी, ते गेलं होतं.

मी इनपुट कार्डासमोर खाली बसले. तेव्हा सुचलं की मेमरी गेली, वायरी गेलेल्या नाहीत. आईने नंतर जे जे जोडलं, ते अजून तिथेच होतं. पहिल्या आवृत्तीत ज्याचा उल्लेखही नाही अशी एक वायर कार्डाच्या तळाशी आलेली होती. तिच्या टोकाला बारीक पांढरी नळी, तिच्यावर आईच्या अक्षरात नंबर. आणि आईच्या प्रत्येक वायरीला असायचा तसा एक जादा वळसा, नीट बांधून ठेवलेला. पुढच्या माणसाला कमी पडायला नको, असं ती म्हणायची.

"काका, ही कुठे जाते?"

ते उंबरा ओलांडून आत आले. वायरवर बोट ठेवत ठेवत पॅनेलच्या खाली, जाळीतून बाहेर, मशीनच्या मागे गेले. मग तिकडून त्यांचा आवाज आला, की इथे एक फ्लोट आहे, पाण्यावर तरंगणारा, पाणी बाहेर सोडायच्या पाइपापाशी.

मी सांगितलं, हाताने उचला. कार्डावरचा एक बारीक दिवा लागला. सोडा म्हटलं, दिवा गेला.

म्हणजे आईने वेळेवर विसंबणं सोडून पाण्यालाच विचारायला सुरुवात केली होती. पाणी संपल्याची खात्री होईपर्यंत पिळायचं नाही. मी तेवढं लिहिलं. पुढच्या खेपेला मशीन नुसतं घुमलं, थडथडलं नाही. काका मागून आले तेव्हा त्यांचे हात काळे झाले होते, आणि डोळ्यांत पाणी होतं.

चादरी काढायला येणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. त्या या मशीनवर पहिल्यापासून आहेत आणि कोणालाही अरे-तुरे करतात. काकांकडे बघून म्हणाल्या, "साबणापाशी रडू नकोस, फेस बसतो." मग त्यांनी दार उघडलं, हात आत घातला आणि ओढला. बाहेर काही येईना. सगळ्या चादरी एकमेकींत पिळवटून एक जाड दोर झाला होता.

"हे काय," त्या म्हणाल्या, "दावं वळलंय का तुझ्या मशीनने?"

मी म्हटलं, पिळल्यावर असंच होणार ना. मावशींनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "आधी नव्हतं होत. दार उघडायच्या आधी मशीन स्वतःच गाठ सोडायचं."

काकांनी मान डोलावली. हे त्यांनाही माहीत होतं, पण मशीन तसंच असतं असं ते धरून चालले होते. मी कार्डं पुन्हा बघितली. एकही नवी वायर नव्हती. हा बदल आईने आहे त्याच मोटरवर, नुसत्या प्रोग्राममध्ये केला असणार. त्याची खूण पॅनेलमध्ये कुठेच नव्हती.

मी मावशींना विचारलं, गाठ सोडायचं म्हणजे काय करायचं. त्यांनी हात हवेत धरला आणि फिरवला. इकडे बराच वेळ. थांबला. तिकडे थोडाच. थांबला. पुन्हा इकडे. त्यांच्या हातात ते इतकं मुरलेलं होतं की खांदाही त्याबरोबर वळत होता. तो खांदा आधी फार दुखायचा, असं त्या जाता जाता म्हणाल्या. ओला दोर ओढून ओढून. बाईंनी एकदा उभं राहून बघितलं होतं.

तो हात बघताना मला आमची न्हाणी दिसली. सुट्टीचा दिवस. आई बादलीत दोन ओल्या चादरी घालून काठीने फिरवत बसली होती, आणि आम्ही आंघोळीसाठी खोळंबलो होतो. बाबांनी विचारलं होतं, लाँड्रीवाले आता घरचे कपडेही देतात का. ती हसली नाही. काठी तशीच फिरवत म्हणाली, "दोन्हीकडे सारखं फिरवलं तर गाठ होती तिथेच येते. एकीकडे जास्त, एकीकडे कमी, तर सुटते." त्या दिवशी तिने ते कशासाठी केलं हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि तिनेही सांगितलं नव्हतं. तिला एका बाईचा खांदा दिसला होता.

मी लिहायला बसले. एक दिशा जास्त, मध्ये विसावा, उलट दिशा कमी. जास्त म्हणजे किती, हा प्रश्न राहिला. मावशींना घड्याळातलं सांगता येईना. त्या म्हणाल्या, दोघी मिळून एक चादर घडी घालतो तेवढं इकडे, आणि घडी टेबलावर ठेवतो तेवढं तिकडे. मग त्यांनी आणि दुसऱ्या बाईंनी चादर घडी घातली, आणि मी घड्याळ लावून तो वेळ मोजला. मॅनेजर काचेतून बघत होते. त्यांना वाटलं असावं आमचं काम संपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं लिहून झालं. मी त्याच्या प्रती केल्या. एक मॅनेजरना दिली, एक काकांना. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

"आता बॅटरी काढून पुन्हा लावा," मी म्हटलं.

त्यांचा हात आपोआप मेन स्विचकडे गेला.

"चालू ठेवून, काका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना दाखवलं, की धोक्याची वीज तिकडे डावीकडे आहे, तिच्यावर मी झाकण लावलंय. बॅटरीची झडप इथे, हिच्यामागे जीव जाईल असं काही नाही. त्यांनी डावा हात पाठीमागे धरला, आई धरायची तसा, आणि उजव्या हाताने झडप उघडली. बॅटरी निघाली, परत बसली. हिरवा दिवा हलला नाही.

"आता मेन बंद करा."

हे त्यांना जास्त जड गेलं. हँडलवर हात ठेवून ते उभे राहिले. शेवटी मावशीच मागून म्हणाल्या, कर की, आमच्या चादरी वाळायच्यात. त्यांनी हँडल ओढलं. कार्डांवरचे दिवे एकदम गेले, पंखा थांबला. इतकं शांत झालं की पाइपातलं पाणी ठिबकताना ऐकू आलं. काकांनी डोळे मिटले होते. मी म्हटलं, करा चालू.

पॉवर सप्लायचा दिवा आला. मग इनपुटचे. सीपीयूवरचा दिवा क्षणभर लुकलुकला, आणि हिरवा होऊन स्थिर झाला.

काकांनी कोणाला न विचारता पॅनेलरूमच्या किल्ल्या उचलल्या आणि खिशात टाकल्या.

मशीन धुऊ लागलं तोवर आम्ही दोघांनी पॅनेलच्या दारावर एक लाल दिवा बसवला, बॅटरी उतरली तर दार न उघडता कोणालाही दिसेल असा. आईने दारापर्यंत एक मोकळी वायर आणून ठेवली होती, वळशासकट. वळसा सोडला तेव्हा ती बरोबर पुरली. तिच्या नळीवर नंबर मी माझ्या अक्षरात घातला.

पिळणं संपलं. ड्रम थांबला, आणि मग सावकाश फिरू लागला. इकडे बराच वेळ. विसावा. तिकडे थोडा.

मावशींनी दार उघडून एक टोक ओढलं. चादर सुटी बाहेर आली, तिच्यामागून दुसरी.

"तिकडचं अजून जरासं कमी कर," त्या म्हणाल्या. "बाईंचं कमी असायचं."

"करते," मी म्हटलं.

त्यांनी चादरीचं दुसरं टोक माझ्याकडे फेकलं, आणि मी ते धरलं.